जे बदललं नाही ते हलू नये

स्लाइडवर एकेक पायरी उलगडत शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढची पायरी आणताना आधीचा मजकूर जागचा हलू देऊ नका. शीर्षक जरासं वर सरकतं, आकृती किंचित डावीकडे जाते, वाचत असलेली ओळ अचानक खाली उतरते. दिसायला एवढंसंच असतं, पण समोरच्याची तंद्री तिथेच मोडते.

"मुद्दा कळल्याशी मतलब" असं बरेच जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही, कारण मुद्दा कळण्याची वाट नजरेतूनच जाते. बाकी सगळं स्थिर असताना एकच बाण नवा उमटला, की डोळा आपोआप त्याच्याकडे वळतो, "इकडे बघा" म्हणावंही लागत नाही. १९९९ साली ओरेगन, रेन्सिंक आणि क्लार्क यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रातली एक गोष्ट बदलायची आणि त्याच क्षणी चित्रावर इतरत्र चार-दोन ठिपके उमटवायचे. बदललेला भाग झाकलेला नव्हता, तरी मोठे बदलसुद्धा बघणाऱ्यांच्या नजरेतून सुटले. आपल्या स्लाइडवर उड्या मारणाऱ्या ओळी त्या ठिपक्यांचंच काम करतात.

बहुतेक वेळा दोष असतो उभ्या मध्यभागी मांडणीचा. मजकूर चौकटीच्या मधोमध बसवलेला असेल, तर खाली एक ओळ वाढली की वरच्या सगळ्या ओळी वर चढणारच. बीमरमध्ये, म्हणजे लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत स्लाइड बनवायच्या साधनात, फ्रेम (एका स्लाइडच्या सगळ्या पायऱ्या मिळून) मुळातच मधोमध मांडली जाते, तिला 'टी' पर्याय देऊन वरून सुरू करा. मजकूर पायरीपायरीने दाखवायला त्यात 'ओन्ली' ही आज्ञा वापरली तर न दिसणारा मजकूर जागाच घेत नाही. 'अनकव्हर' मात्र जागा राखून ठेवतं, म्हणून पायऱ्यांसाठी तेच वापरावं. एकाच जागी आळीपाळीने वेगवेगळा मजकूर दाखवायचा असेल, तर 'ओव्हरलेएरिया' घ्या आणि उंची स्वतः ठरवून द्या.

पॉवरपॉइंटमध्ये आधी शेवटची, सगळं असलेली स्लाइड पूर्ण करा, मग तिच्या प्रती काढून मागे मागे जात एकेक गोष्ट पुसा. मजकूर वरच्या कडेला बांधा. मजकूर मावेना झाला की अक्षरं आपोआप बारीक करण्याची सोय बंदच ठेवा. ती सोय मला सगळ्यात घातक वाटते, कारण एक ओळ वाढली म्हणून आधीच्या सगळ्या ओळींचा आकारच बदलतो.

शब्द उठून दिसावा म्हणून तो ठळक करणंही टाळा. ठळक अक्षरं जास्त रुंद असतात, त्यामुळे ओळ भलतीकडे तुटते आणि पुढचा सगळा परिच्छेद घसरतो. रंग बदला, रुंदी तीच राहते.

आलेखांच्या बाबतीत तर मी फारच आग्रही आहे. मॅटप्लॉटलिबमधून, म्हणजे पायथन भाषेतल्या आलेख काढायच्या साधनातून, चित्र साठवताना बरेच जण कडेची मोकळी जागा छाटणारा 'टाइट' पर्याय सवयीने लावतात. मग अक्षावरचे आकडे दोन अंकांवरून तीन अंकांवर गेले, की छाटणी बदलते आणि अख्खा आलेख सरकतो. त्याहून वाईट म्हणजे अक्षांची मर्यादा ठरवलेली नसेल, तर नवी रेषा येताच जुनी रेषा चपटी होते. बघणाऱ्याला वाटतं, आकडेच बदलले! हा नुसता देखणेपणाचा प्रश्न नाही, यातून चुकीची माहिती पोचते. मालिकेतल्या सगळ्या आलेखांना शेवटच्या आलेखाच्या मर्यादा द्या, चित्रांचं माप एकच ठेवा, छाटणी नको.

लाटेकमध्ये आकृत्या काढायच्या टिकझ या साधनातही तसंच. पहिल्याच पायरीला पूर्ण आकृतीएवढी चौकट आखून घेतली, की नंतर कितीही खोके जोडले तरी आधीचे हलत नाहीत.

तपासायला मिनिटभर पुरतं. स्लाइड पूर्ण पडद्यावर घ्या, नजर एका कोपऱ्यावर रोखा आणि पुढे-मागे, पुढे-मागे भराभर कळ दाबा. त्या कोपऱ्यात काही थरथरलं तर त्या मजकुराच्या किंवा चित्राच्या चौकटीची जागा आकड्यांत तपासून दोन्ही स्लाइडवर सारखी करा. अंदाजाने माउसने ओढू नका.