गोड बोलता येतं ना? मग पीआर तुमचंच!

तुम्ही कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहात, आकडे बघितले की डोकं दुखतं, "बोलतेस किती छान गं" असं चारचौघांनी सांगून झालंय आणि फोटोला लाइक्स पण बऱ्यापैकी येतात. मग ठरलं की, पब्लिक रिलेशन्स, म्हणजे पीआर, कंपनीची लोकांसमोरची प्रतिमा सांभाळायचा धंदा! अजून दोन वर्षं आहेत हातात, त्यात तयारी कशी करायची ते सांगतो, फुकट सांगतोय म्हणून हलक्यात घेऊ नका, मी या धंद्यात बरीच वर्षं आहे आणि दर सीझनला येणारे इंटर्न बघून हे ज्ञान गोळा झालंय.

पहिली गोष्ट, लिहायला अजिबात शिकू नका. काही जुने खोडं सांगत फिरतात की पीआरच्या पहिल्या काही वर्षांत बोलायला कोणी विचारत नाही, नुसतं लिहायचं असतं, प्रेसनोट लिहा, पत्रकाराला बातमी सुचवणारा पिच लिहा, साहेबांचं भाषण लिहा, पत्रकार काय विचारतील आणि आपण काय उत्तर द्यायचं ते लिहा, मग ते सगळं परत आलं की पुन्हा लिहा. ऐकू नका त्यांचं. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढं जमलं की बास.

तरी प्रॅक्टिस म्हणून कॉलेजच्या फेस्टची एखादी प्रेसनोट लिहायची वेळ आलीच तर ती अशी लिहा: "दरवर्षीप्रमाणे यंदाही आमच्या महाविद्यालयाचा बहुप्रतिक्षित महोत्सव अत्यंत उत्साहात आणि जल्लोषात संपन्न झाला." संपलं पहिलं वाक्य, कळलं काहीच नाही, परफेक्ट. दुसऱ्या परिच्छेदात प्राचार्य, उपप्राचार्य, सगळे विभागप्रमुख आणि स्पॉन्सरच्या मेहुण्यासकट सगळ्यांची नावं, ज्येष्ठतेनुसार. तारीख चौथ्या परिच्छेदात. ठिकाण लिहिलं नाही तरी चालतं, ज्यांना यायचं होतं ते येऊन गेले. आणि तुमच्याच वर्गातल्या पोरांनी त्या फेस्टसाठी दृष्टिहीन मुलांना खेळता येईल असा गेम बनवला होता, ही जी एकमेव छापण्यासारखी गोष्ट आहे ती शेवटच्या ओळीत "तसेच विविध उपक्रमही राबवण्यात आले" यात बसवून टाका. बातमीत महत्त्वाचं आधी आणि बाकीचं खाली ही पत्रकारांची खोड आहे, आपण कशाला त्यांचे लाड करायचे.

पत्रकारांवरून आठवलं. पेपर वाचू नका, बातम्या बघू नका, कोण कुठल्या विषयावर लिहितं हे तर मुळीच माहिती करून घेऊ नका. बातमी कशाला म्हणतात हे माहीत नसलं की आपल्या क्लायंटची प्रत्येक गोष्ट बातमी वाटायला लागते आणि कामात उत्साह टिकतो. कॉलेजच्या मासिकात, रेडिओवर वगैरे काम करायची संधी आली तर हात जोडून नाही म्हणा, कारण तिथे बसलात की समोरून येणाऱ्या प्रेसनोटा वाचाव्या लागतात आणि त्यातल्या बहुतेक तुम्ही स्वतःच दोन सेकंदात कचऱ्यात टाकता, मग पुढे स्वतः पाठवताना उगाच लाज वाटते. त्यापेक्षा एक मेल लिहायचा, "रिस्पेक्टेड सर/मॅडम", क्रीडा, अर्थ, गुन्हे, राशिभविष्य, सगळ्यांना एकदम, सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील असे. फोटो इतके जड जोडायचे की समोरच्याचा इनबॉक्स बसला पाहिजे. मग अंक लावायच्या ऐन धावपळीत संध्याकाळी फोन करायचा, "सर मेल मिळाला का?" नाही म्हणाले तर पुन्हा पाठवायचा आणि पुन्हा फोन. याला रिलेशन्स बिल्ड करणं म्हणतात.

इतिहासाच्या लेक्चरला बंक मारा. तिथे आयव्ही ली नावाच्या माणसाचं पुराण लावतात. 1906 मध्ये अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेरोडची गाडी पुलावरून पाण्यात गेली, 50 हून जास्त माणसं गेली, आणि रेल्वे कंपन्यांची तोवरची रीत म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची, पत्रकाराला जवळ फिरकू द्यायचं नाही. तर हा मूळचा पत्रकार असलेला बाबा कंपनीला म्हणाला की माहिती आपणच लिहून देऊ आणि पत्रकारांना जागेवर पण आपणच घेऊन जाऊ. पहिली प्रेसनोट म्हणून सहसा तीच सांगतात. आता बघा, केवढा उपद्व्याप! "अपरिहार्य कारणास्तव गाडी पाण्यात गेली" एवढं म्हणून भागलं नसतं का?

एथिक्सचा पेपर ऑप्शनला टाका. नाहीतर मास्तर बेल पॉटिंजरचं उदाहरण देऊन मूड घालवतात. लंडनची मोठी पीआर फर्म, दक्षिण आफ्रिकेत उद्योगपती गुप्ता कुटुंबाच्या कंपनीसाठी वांशिक तेढ वाढेल असं कॅम्पेन चालवल्याबद्दल 2017 मध्ये त्यांच्याच व्यवसायाच्या संघटनेने बाहेर काढली, क्लायंट पळाले आणि काही दिवसांत कंपनीच बुडाली. असल्या गोष्टी ऐकून मन दुबळं होतं हो, क्लायंट सांगेल ते करावं आणि बिल लावावं.

आता क्रायसिस, म्हणजे कंपनी संकटात सापडली की काय बोलायचं ते. ही माझी आवडती भाजी, त्यामुळे इथे जरा लांबण लागणार. 1982 मध्ये शिकागो भागात कोणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलं, 7 जण गेले, आणि ते विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या, लोकांना जाहीरपणे सांगितलं की घेऊ नका, आणि नंतर छेडछाड केली तर कळेल असं पॅकिंग आणलं. सगळे कोर्सवाले हे शिकवतात, म्हणून तुम्ही शिकू नका. तुमचा आदर्श वेगळा. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात बीपी या तेल कंपनीच्या विहिरीवर स्फोट होऊन 11 कामगार गेले, तेल समुद्रात वाहतच होतं आणि कंपनीचे सीईओ टोनी हेवर्ड कॅमेऱ्यासमोर म्हणाले की मला माझं आयुष्य परत हवंय. कसं मनातलं बोलून गेले! गोड बोलणाऱ्या माणसाला तयारीची गरज नसते, ती अशी.

आणि माझे त्याहून लाडके म्हणजे युनायटेड एअरलाइन्सचे तेव्हाचे सीईओ ऑस्कर मुन्योझ. मार्च 2017 मध्ये पीआरवाल्यांच्या पीआरवीक मासिकाने त्यांना वर्षातला सर्वोत्तम कम्युनिकेटर ठरवलं. एप्रिलमध्ये कंपनीला आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सीटा हव्या होत्या म्हणून एका डॉक्टर प्रवाशाला सीटवरून ओढत, रक्तबंबाळ अवस्थेत विमानातून काढलं, आणि बाकी प्रवासी शूटिंग करत होते. साहेबांनी पहिल्या निवेदनात काय केलं, तर प्रवाशांची दुसरी सोय करावी लागली त्याबद्दल दिलगिरी. आणि आपल्या लोकांना आतलं पत्र लिहिलं की तो प्रवासीच भांडखोर होता. आतलं पत्र आतच राहतं ही त्यांची श्रद्धा! ते लगेच बाहेर आलं, शेअर पडला, आणि मग खरीखुरी माफी मागावी लागली, जी पहिल्याच दिवशी फुकटात मागता आली असती. पण मग आम्हाला शिकवायला मटेरियल कुठून मिळालं असतं.

कॉलेजात याची प्रॅक्टिस सहज होते. फेस्टचा मुख्य कलाकार आला नाही, पोरं पासचे पैसे परत मागतायत, तर आधी कमेंट्स डिलीट करा. मग कमेंट्स बंद करा. मग रात्री उशिरा एक काळी पोस्ट टाका, पांढऱ्या अक्षरात "तांत्रिक अडचणींमुळे", आणि पैशाचं काय हे त्यात चुकूनही लिहू नका, कारण लोकांना नेमकं तेवढंच वाचायचं असतं.

गणित, स्टॅट्स वगैरे विषयांना हात लावू नका. काम किती झालं हे दाखवायला पट्टी पुरते: बातमीची जागा मोजा, तेवढ्या जागेची जाहिरात कितीला पडली असती ते लावा, वर हवा तो आकडा गुणा, क्लायंट खूश. 2010 मध्ये बार्सिलोनाला मोजमापवाली मंडळी जमली आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे पीआरचं मूल्य नव्हे, लोकांना काय कळलं, काय बदललं ते मोजा. ठीक आहे, ते म्हणाले, आपण ऐकलं, पट्टी ड्रॉवरमध्येच आहे.

इंटर्नशिप निवडताना रिसेप्शनचा सोफा बघा, फोटो तिथेच काढायचा असतो. जिथे सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन रात्रीच्या बातम्या चाळायला लावतात, क्लायंटबद्दल कोण काय बोललं त्याची शीट भरायला लावतात, कोणता पत्रकार कुठून कुठे गेला ती यादी अपडेट करायला लावतात, तिथून दुसऱ्या दिवशी निघा. "मला स्ट्रॅटेजीमध्ये इंटरेस्ट आहे" असं सांगून निघायचं, म्हणजे मागे चांगलं नाव राहतं.

राहिला इंटरव्ह्यू. ओळख, हसणं, हातवारे यात तुम्ही बाजी मारणारच. फक्त काही ठिकाणी अजून एक वाईट सवय आहे, समोर चार पानी माहिती टाकतात, फोन काढून घेतात आणि म्हणतात अर्ध्या तासात एका पानाची प्रेसनोट लिहा. "अत्यंत उत्साहात आणि जल्लोषात"ने सुरुवात करा आणि वेळ संपेपर्यंत प्राचार्यांची नावं आठवत बसा.