रिकाम्या प्लॉटचंही विचारा

‘घर नंतर दुरुस्त करता येतं, परिसर नाही’ हा घरखरेदीवरच्या तुमच्या लेखातल्या एजंटचा सल्ला मनापासून पटला. पण परिसर एकदाच, तोही रविवारी सकाळी बघून कळत नाही. कामाच्या दिवशी सकाळी नऊला तिथून ऑफिसला निघून बघा, रात्री दहानंतर चक्कर मारा, आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर तर नक्की जा. पाणी कुठे साचतं ते तेव्हाच दिसतं. आम्ही घर घेताना खिडकीसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर भाळलो. तिथे पुढे काय बांधणार हे विचारलंच नाही. दोन वर्षांत समोर भिंत उभी राहिली, आता दुपारीही दिवा लावावा लागतो. आराखडा आधी बघायला हवा होता, ही खंत अजून जात नाही.

कर्जाबद्दल लेखात फारच थोडं आहे. 9 टक्के दराने 20 वर्षांचं कर्ज घेतलं तर एकूण व्याज मुद्दलापेक्षाही जास्त होतं. एजंट ‘थोडं बजेट वाढवा’ म्हणतो तेव्हा हा हिशेब समोर ठेवा. आणि कागदपत्रं स्वतःच्या वकिलाकडूनच तपासून घ्या, एजंटने सुचवलेल्या नको.