ब्रिटिश पासपोर्ट म्हणजे स्टुडंट लोनची चिठ्ठी नव्हे

इंग्लंडात काही वर्षं नोकरी करून कोल्हापूरला परतलेल्या कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मुलाचा जन्म तिकडचा आणि पासपोर्ट ब्रिटिश असेल, तर बारावी होताच त्याला पाठवा. तिथलं सरकार फी आणि राहण्याखाण्यासाठी कर्ज देतं, भारतात परतलं तर ते फेडावं लागत नाही, आणि पहिल्या वर्षी जास्त फी लागलीच तर दुसऱ्या वर्षी ती आपोआप कमी होते, असा एकूण मजकूर. परवा माझ्या आत्यांनी हाच मेसेज पाठवून विचारलं, "नातवाचे आईवडील पहिल्या वर्षापुरतं फ्लॅटवर कर्ज काढायचं म्हणतायत, काढू देत का?" नका काढू देऊ. का, ते सांगतो.

पासपोर्टचा मुद्दा आधी. इंग्लंडच्या स्टुडंट फायनान्ससाठी, म्हणजे सरकारी शिक्षणकर्जासाठी, नागरिकत्व ही अनेक अटींपैकी एक आहे. कोर्सच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी विद्यार्थी इंग्लंडचा नेहमीचा रहिवासी हवा, आणि त्याआधीची सलग तीन वर्षं ब्रिटन, चॅनल बेटं किंवा आइल ऑफ मॅन इथला. त्या तीन वर्षांतलं राहणं पूर्णपणे किंवा मुख्यतः पूर्णवेळ शिक्षणासाठी झालेलं नको. 2011 च्या स्टुडंट सपोर्ट नियमांच्या पहिल्या परिशिष्टात हे स्पष्ट आहे. पहिलीपासून कोल्हापुरात शिकलेला मुलगा पासपोर्ट दाखवून या अटीत बसत नाही.

"पहिल्या वर्षी इंटरनॅशनल फी भरा, मग होम फी होते," हे त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. (इंटरनॅशनल किंवा ओव्हरसीज फी म्हणजे बाहेरून आलेल्यांची, होम फी म्हणजे तिथल्या रहिवाशांची.) तीन वर्षं मोजायची ती कोर्स सुरू होण्याच्या आधीची. कोर्स चालू असताना काढलेली वर्षं त्यात धरत नाहीत. ओव्हरसीज म्हणून प्रवेश घेतला की निव्वळ राहून-राहून दर्जा बदलत नाही, शेवटच्या वर्षापर्यंत तीच फी. इंग्लंडात 2025-26 साठी होम फीची कमाल मर्यादा 9,535 पौंड होती. ओव्हरसीज फीला अशी मर्यादाच नाही, ती सहज दुप्पट-तिप्पट असते, मेडिकलला त्याहूनही जास्त. म्हणजे एका वर्षाच्या हिशोबाने काढलेलं कर्ज तीन किंवा पाच वर्षांचं होऊन बसतं, आणि ते कळतं दुसऱ्या वर्षाच्या फीची मागणी आल्यावर. कोर्स सोडून नवा धरला तर पहिल्या दिवसाची तारीख नव्याने लागते, हे खरं. पण मधली वर्षं शिक्षणासाठीच काढलेली असल्याने शिक्षणासाठीचं राहणं न धरण्याची वरची अट आडवी येते. शिवाय आधी शिकलेली वर्षं लोनमधून वजा होतात. 2026 अखेरपर्यंत सुरू होणाऱ्या कोर्सना त्याचं गणित साधारण असं: कोर्सची वर्षं अधिक एक, वजा आधीच्या उच्च शिक्षणाची वर्षं. ती स्वखर्चाने किंवा परदेशात शिकलेली असली तरी धरतात. शिवाजी विद्यापीठात बीएस्सीची दोन वर्षं काढून तिकडे तीन वर्षांचा कोर्स धरला, तर फीचं लोन दोनच वर्षांचं उरतं आणि पहिल्या वर्षाची फी खिशातून जाते.

तारखाही नीट बघा. 1 ऑगस्ट ते 31 डिसेंबरदरम्यान सुरू होणाऱ्या कोर्सला 1 सप्टेंबर हा पहिला दिवस धरतात. सप्टेंबर 2028 च्या प्रवेशासाठी 1 सप्टेंबर 2025 पासून सलग रहिवास लागतो. कुटुंब 10 सप्टेंबरला उतरलं असेल तर नऊ दिवसांनी हुकलं. अशा वेळी प्रवेश पुढे ढकलावा. जानेवारी ते मार्चमध्ये सुरू होणारा कोर्स मिळाला तर त्याला 1 जानेवारी धरतात. थोडं थांबण्याने वाचणारी रक्कम त्या फ्लॅटच्या कर्जाएवढी असते, तेव्हा घाई करू नये.

आता मेसेजमधला पुढचा सल्ला, "मामाच्या पत्त्यावर बँक खातं उघडा, सोळाव्या वर्षी पाठवा, एकोणिसाव्या वर्षी काम झालं." नुसत्या पत्त्याने रहिवास होत नाही. इथे शहा विरुद्ध बार्नेट या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, डिसेंबर 1982 मध्ये दिलेला निकाल अजून पाया मानला जातो. न्यायाधीश लॉर्ड स्कारमन यांनी सांगितलेला अर्थ असा, की माणसाने आपखुशीने, स्थिर हेतूने आणि त्या काळापुरतं रोजच्या आयुष्याचा भाग म्हणून स्वीकारलेलं राहण्याचं ठिकाण म्हणजे नेहमीचा रहिवास. शिक्षण हासुद्धा असा हेतू असू शकतो, असंही त्याच निकालात म्हटलं होतं. त्यानंतर सरकारने शिक्षणासाठीचं राहणं न मोजण्याची अट नियमात घातली, आणि मामाच्या घरची वाट तिथेच बंद झाली. विचारला जाणारा प्रश्न साधा असतो: शिक्षण नसतं, तरी हा मुलगा या काळात इथेच राहिला असता का? आईवडील आणि त्यांचा दवाखाना कोल्हापूरच्या राजारामपुरीत असताना "हो" म्हणणं अवघड. न राहिलेल्या वर्षांचा पत्ता अर्जात लिहिणं ही तर सरळ फसवणूक आहे.

बाहेर राहूनही लोन मिळतं, या एका बाबतीत मेसेज अर्धा खरा आहे, ते मान्य करायला हवं. आई किंवा वडील तात्पुरत्या नोकरीसाठी ब्रिटनबाहेर असल्याने कुटुंब बाहेर राहिलं, तर तो काळ रहिवासातच धरता येतो. पण भर "तात्पुरत्या"वर आहे. लीड्सच्या कंपनीने वडिलांना दोन वर्षांच्या करारावर पुण्याला पाठवलं, तिकडचं घर ठेवलं, परतीची तारीख ठरलेली, तर दावा भक्कम. त्यासाठी सुरुवात-शेवटाच्या तारखा असलेलं कंपनीचं पत्र, करार आणि घराची कागदपत्रं जोडायची. घर विकून कोल्हापुरात स्वतःचं हॉस्पिटल काढलं, तर ते कायमचं परतणं झालं. तिकडेच राहणाऱ्या मुलाने शाळेच्या सुट्टीत महिनाभर कोल्हापूरला येण्याने मात्र रहिवास तुटत नाही, ती भीती नको.

"फेडावं लागत नाही" हे खोटं. ऑगस्ट 2023 नंतर सुरू झालेल्या पदवी कोर्सचं कर्ज वर्षाला 25,000 पौंडांवरच्या कमाईच्या 9 टक्क्यांनी फेडायचं असतं, आणि उरलेलं माफ होतं ते 40 वर्षांनी. भारतात आलं तरी कमाई कळवावी लागते. इथल्यासाठी मर्यादा त्याहून कमी आहे. कळवलं नाही तर ठरावीक हप्ता लावतात आणि थकबाकी चढते. मेसेजमधलं "स्कॉटलंडात सगळ्यांना फुकट" हेही चूक, तिथेही तीन वर्षांचा रहिवास बघतात.

मेसेज शेवटी भीती घालतो, की ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असलेल्या मुलांना भारतात मेडिकलच्या साध्या जागा बंद झाल्या, म्हणून पाठवाच. 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेने त्यांना एनआरआय जागांपुरतं ठेवलं, हे बरोबर. पण सर्वोच्च न्यायालयाने 3 फेब्रुवारी 2023 ला स्पष्ट केलं, की ती त्या तारखेनंतर ओसीआय झालेल्यांनाच लागू आहे. आत्यांच्या नातवाचं कार्ड 2012 चं आहे. आधी कार्डावरची तारीख बघा.

एवढं करूनही तिकडेच पाठवायचं असेल, तर फीचा दर्जा विद्यापीठ ठरवतं आणि लोन स्टुडंट फायनान्स. दोन्ही निर्णय वेगळे. ऑफर पक्की करण्याआधी विद्यापीठाकडून फी-स्टेटसचा फॉर्म मागवा, गेल्या तीन वर्षांचा पत्ता खराखुरा लिहा, आणि उत्तर लेखी हातात आल्याशिवाय बँकेत जाऊ नका.