कुकरची शिट्टी आणि कोयनेचे धक्के : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

कोयना खोऱ्यात जमीन जरा हलली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एक जुनाच मजकूर पुन्हा फिरू लागतो. पाटण आणि कराडपासून शिराळ्यापर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांत तो मी अनेकदा वाचला आहे, आणि दरवेळी तो पाठवणारा माणूस भला, शिकलेला आणि मनापासून काळजी करणारा असतो. मजकूर थोडक्यात असा आहे : "कोयनेचे छोटे धक्के म्हणजे कुकरची शिट्टी. वाफ निघून जाते, म्हणून मोठा भूकंप होत नाही. हे धक्के धरणातल्या पाण्याच्या वजनाने जमीन दबल्यामुळे बसतात. गोठण्याला तीन किलोमीटरची बोअर मारल्यापासून ते वाढले. 1967 साली धरणाला साधी चीरही गेली नव्हती. तरी भीती वाटत असेल तर धरण रिकामे करा, भूकंप बंद होतील." यातील प्रत्येक विधान मोजमापांशी ताडून पाहता येते, कारण कोयना हा जगात सर्वाधिक अभ्यास झालेल्या भूकंपप्रदेशांपैकी एक आहे. वर्तमानपत्रे ज्या अर्थाने 'तीव्रता' हा शब्द वापरतात, म्हणजे भूकंपाच्या आकाराचा आकडा, त्याच अर्थाने मी तो येथे वापरला आहे.

शिट्टीची उपमा सर्वांना पटते, आणि तिच्यावर विसंबून माणूस गाफील राहतो, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. भूकंपाच्या तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा दहापट नव्हे, तर सुमारे 32 पट वाढते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनेला जो भूकंप झाला त्याची तीव्रता 6.3 होती. तेवढी ऊर्जा 3 तीव्रतेच्या धक्क्यांतून बाहेर पडायची असेल, तर असे सुमारे 90 हजार धक्के लागतील. रोज एक धक्का धरला तरी त्यासाठी जवळजवळ अडीचशे वर्षे जातील. 4 तीव्रतेचे धरले तर सुमारे 2,800 लागतात, आणि 1962 पासून आजवर कोयना-वारणा पट्ट्यात 4 किंवा त्याहून मोठे धक्के नोंदले गेले आहेत ते सुमारे 200. म्हणजे ज्याला आपण 'वाफ निघून गेली' म्हणतो, तो हिशेब ऊर्जेच्या वहीत शिलकीला जवळजवळ हातच लावत नाही.

दुसरा पुरावा आपल्याच खोऱ्यातला आहे. 13 सप्टेंबर 1967 रोजी येथे 5 हून अधिक तीव्रतेचा धक्का बसला होता, आणि त्यापूर्वीची चार-पाच वर्षे लहान धक्के चालूच होते. शिट्टीचा सिद्धांत खरा असता, तर एवढ्या शिट्ट्यांनंतर डिसेंबरची पहाट शांत जायला हवी होती. प्रत्यक्षात तीन महिन्यांच्या आत पावणेदोनशे ते दोनशे माणसे गेली. उपमा मुळातच चुकते, कारण कुकरमध्ये एकच पोकळी आणि एकच झडप असते, तर भूगर्भातील प्रस्तरभंग, म्हणजे जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकू शकतात अशी खडकातील भेग, तुकड्यातुकड्यांनी अडकलेला असतो. एक तुकडा सरकला की त्याच्यावरचा ताण काही अंशी शेजारच्या अडकलेल्या तुकड्यावर जातो. उलट टोकाचे विधानही मी करणार नाही. प्रत्येक लहान धक्का मोठ्याची नांदी नसतो, आणि बहुसंख्य धक्क्यांनंतर काहीच घडत नाही. पण लहान धक्का बसला म्हणून मोठा टळला, हे म्हणण्याला कोणताही आधार नाही.

पाण्याच्या वजनाचे विधान अर्धे खरे असल्यामुळे त्याला थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. धरणाचा आणि भूकंपांचा संबंध आहे, यात आता शास्त्रज्ञांमध्ये फारसा वाद उरलेला नाही. चीनमधील शिनफेंगजियांग (1962), झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवरील कारिबा (1963) आणि ग्रीसमधील क्रेमास्ता (1966) या जलाशयांजवळही 6 हून मोठे भूकंप झाले, आणि अशा भूकंपांत कोयनेचा सर्वांत मोठा गणला जातो. मग प्रश्न उरतो तो कारणाचा.

कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पूर्ण भरला की त्यात 105 टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे सुमारे 298 कोटी टन पाणी असते. आकडा ऐकून छाती दडपते. पण धरणाजवळ पाण्याची खोली 80 मीटरच्या आसपास धरली, तर तळावर पडणारा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण 8 किलो होतो. येथील भूकंपांची केंद्रे जमिनीखाली बहुतांशी 2 ते 9 किलोमीटर खोल असतात. त्यांपैकी 5 किलोमीटर खोलीवर केवळ वरच्या खडकाचाच भार दर चौरस सेंटिमीटरला 1,300 किलोंच्या वर जातो. पाण्याने त्यात एक टक्काही भर पडत नाही, आणि खोल जाताना हा भार पसरत असल्याने तीही कमी होते. वजनाचा परिणाम शून्य नाही, पण एवढ्यावरच जमीन दबून फुटते असे म्हणता येत नाही. केवळ पाण्याचा साठाच कारणीभूत असता, तर कोयनेपेक्षा जास्त, सुमारे 117 टीएमसी क्षमतेच्या उजनीखाली अशीच भूकंपांची मालिका दिसायला हवी होती. ती दिसत नाही.

खरे काम करतो तो खडकाच्या भेगांमध्ये शिरलेल्या पाण्याचा दाब. उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या आसाखाली जॅक लावून थोडासाच जोर दिला, तर ट्रॉली उचलली जात नाही. पण चाकावरचा भार हलका होतो, आणि आधी जे चाक जागचे हलत नव्हते ते ढकलल्यावर घसरू शकते. प्रस्तरभंगाच्या दोन बाजू एकमेकींवर प्रचंड दाबाने घट्ट बसलेल्या असतात, आणि त्यांच्यामधील घर्षणामुळेच त्या सरकत नाहीत. भेगांतील पाण्याचा दाब वाढला की तो या दोन्ही बाजूंना किंचित परस्परांपासून ढकलतो आणि घर्षण तेवढे कमी होते. पाणी खडकाला तेलासारखे वंगण घालते, असे जे काही जण सांगतात, तेही बरोबर नाही. आणि हा दाब थोडासाच पुरतो, कारण प्रस्तरभंग आधीच सरकण्याच्या बेताला आलेला असतो. त्याला तेथवर आणणारा ताण भारतीय भूपट्टाच्या उत्तरेकडील वाटचालीचा आहे, धरणाचा नाही. शास्त्रज्ञ म्हणूनच 'धरणाने घडवलेला भूकंप' न म्हणता 'धरणाने चेतवलेला भूकंप' म्हणतात. जेथे असा ताणलेला प्रस्तरभंग नाही, तेथे मोठा जलाशयही गप्प राहतो.

ही कल्पना कोयनेसाठी म्हणून रचलेली नाही. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात डेन्व्हरजवळ लष्कराने 1962 पासून सुमारे 3,670 मीटर खोल विहिरीत रासायनिक सांडपाणी दाबाने सोडायला सुरुवात केली, आणि ज्या भागात भूकंप जवळजवळ माहीत नव्हते तेथे धक्के बसू लागले. पाणी सोडण्याचे आणि धक्क्यांचे आलेख शेजारी ठेवल्यावर संबंध उघड झाला. पुढे त्याच राज्यातील रेंजली येथील तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी दाब मुद्दाम वाढवून आणि घटवून धक्के कमीजास्त होतात हे दाखवून दिले.

पाण्याचा दाब खोलवर पोचायला वेळ लागतो, आणि कोयनेच्या नोंदींत हा वेळ दिसतो. शिवसागर भरतो पावसाळ्यात, पण 1967 चा मोठा भूकंप डिसेंबरमध्ये झाला. भूकंपशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून चार गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या : पाणी किती वेगाने चढले, किती उंचीपर्यंत चढले, त्या उंचीवर किती काळ राहिले, आणि पूर्वीची कमाल पातळी ओलांडली गेली की नाही. सांगली जिल्ह्याच्या वाचकांना हे दूरचे वाटू नये, म्हणून सांगतो की चांदोलीच्या वारणा जलाशयात 1985 पासून पाणी साठू लागल्यावर धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे वारणेच्या बाजूला विस्तारला, आणि 1993-94 च्या हिवाळ्यात तेथे 5 हून मोठे धक्के बसले. वारणेची क्षमता 34 टीएमसीच्या आसपास, म्हणजे कोयनेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. वजनाच्या सिद्धांताला हे समजावून सांगता येणार नाही.

गोठण्याच्या बोअरविषयीचा आरोप मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची भूभौतिक संशोधनाची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीत आहे, आणि तिच्या प्रकल्पात पाटण तालुक्यातील गोठणे येथे 3 किलोमीटर खोल पथदर्शी बोअर 2017 साली पूर्ण झाली. तिच्यातून कळले ते मोलाचे आहे. वरचा काळा बेसॉल्ट सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला, आणि त्याच्याखाली मध्ये कोणताही गाळाचा खडक न येता थेट ग्रॅनाइट-नाइसचा पाया लागला. भूकंप ज्या खडकात होतात तोच खडक यामुळे 3 किलोमीटर खोलीपर्यंत थेट तपासता आला. 

बोअरमुळे धक्के सुरू झाले म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात : 1967, 1973, 1980, 1993-94, 2000. येथील 5 हून मोठे हे सारे भूकंप बोअरच्या कित्येक वर्षे आधीचे आहेत. तरीही या शंकेत एक कण खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात 2006 साली भूगर्भातील उष्णतेचा वापर करण्यासाठी 5 किलोमीटर खोल बोअरमध्ये सहा दिवसांत सुमारे 11,500 घनमीटर पाणी प्रचंड दाबाने कोंबण्यात आले, तेव्हा 3.4 तीव्रतेचा धक्का बसला आणि प्रकल्प थांबवावा लागला. पण तेथे कारण होते दाबाने कोंबलेले पाणी. नुसते छिद्र पाडून त्यात मोजयंत्रे सोडणे हे वेगळे काम आहे, आणि 20 बाय 30 किलोमीटरच्या पट्ट्यातील ताणापुढे एका चिंचोळ्या छिद्राचे अस्तित्व नगण्य आहे. डॉक्टरांनी ताप मोजला म्हणून ताप आला, असे आपण घरात म्हणत नाही.

"धरणाला साधी चीरही गेली नव्हती" हे सरळ असत्य आहे, आणि अशा खोट्या दिलाशाची धरणाला गरजही नाही. 1967 मध्ये सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या भागांत, जेथे धरणाच्या मागच्या अंगाचा उतार एकाएकी बदलतो त्या उंचीवर, पुढच्या आणि मागच्या दोन्ही अंगांना आडव्या भेगा गेल्या. धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या 5 टक्के धरला होता. धरणाच्या गॅलरीतील यंत्राने नदीच्या दिशेने नोंदवलेला धक्का 49 टक्क्यांच्या आसपास निघाला. एवढा फरक असूनही धरण उभे राहिले, भेगा भरण्यात आल्या, आणि कमकुवत भागांना मागून काँक्रीटचा आधार देण्यात आला. त्या भेगांचा अभ्यास आज जगभर धरण-अभियंते करतात. भेगा लपवल्या, तर त्या दुरुस्त करणाऱ्यांचे कामही लपते.

धरण रिकामे करण्याच्या उपायाबद्दल थोडेच सांगायचे आहे. डेन्व्हरच्या विहिरीत पाणी सोडणे फेब्रुवारी 1966 मध्ये थांबले, आणि तेथील सर्वांत मोठे धक्के 1967 मध्ये बसले. खोल शिरलेला दाब नळ बंद केल्यासारखा संपत नाही. शिवाय पाण्याची पातळी झपाट्याने बदलणे हेच धोक्याच्या घटकांपैकी एक आहे, तेव्हा एकाएकी धरण उतरवण्याची मागणी करणारा माणूस नकळत उलटेच मागत असतो. कृष्णाकाठची शेती आणि कोयनेची 1,960 मेगावॉट वीज यांचा प्रश्न त्यानंतरचा.

या साऱ्या मजकुरात घरांविषयी एकही शब्द नाही, याचे मला वाईट वाटते. 1967 मध्ये माणसे गेली ती प्रामुख्याने घरे कोसळून. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता 6.2 होती, कोयनेपेक्षा किंचित कमीच. तेथे हजारो माणसे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि धाब्यांखाली गाडली गेली. आपल्या डोंगरी गावांतही अशा भिंती अजून आहेत. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये मुरूम-मातीची भर, असे त्यांचे स्वरूप असते. जमीन हलली की दोन थर एकमेकांपासून सुटून बाहेर फुगतात. त्यावरचा उपाय अवघड नाही. ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे दगड किंवा काँक्रीटचे तुकडे बसवायचे, आणि दाराखिडक्यांच्या वर व छताखाली घराला चारी बाजूंनी सलग आरसीसी पट्टा घालायचा, म्हणजे चारही भिंती एकत्र हलतात. 1967 नंतर भारतीय मानकाने भूकंपाच्या धोक्याचा आपला नकाशा बदलला आणि कोयना परिसर अधिक धोक्याच्या झोन 4 मध्ये घेतला, त्यालाही आता पन्नासहून अधिक वर्षे झाली.

1967 च्या त्या पहाटे माझ्या वडिलांनी आम्हा भावंडांना घोंगडीसकट उचलून अंगणात नेले होते, आणि मागची भिंत आमच्या डोळ्यांदेखत पडली. ती नंतर तशीच दगडमातीत पुन्हा रचली गेली. या उन्हाळ्यात कौले उतरवायची आहेत, तेव्हा तिच्यावर पट्टा घालून घेण्याचे गवंड्याशी ठरले आहे.