मॉटसन बडबड्या होता? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बीबीसीचा फुटबॉल समालोचक जॉन मॉटसन याच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मॉटसन रेडिओवरून आला आणि रेडिओची खोड त्याने टीव्हीवर सोडलीच नाही. डोळ्यांना दिसतंय तेच सांगत बसायचा, वर आकड्यांचा मारा. खरा समालोचक बीबीसीचाच बॅरी डेव्हिस, कारण त्याला गप्प बसता यायचं. आणि हेरफर्ड क्लबचा १९७२ मधला तो गोल कुणाच्याही तोंडून गाजलाच असता.

हेरफर्डचंच आधी घेऊ. ५ फेब्रुवारी १९७२, एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतला, बरोबरीनंतर पुन्हा खेळवलेला सामना. समोर पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च डिव्हिजनमधलं न्यूकॅसल. हेरफर्ड तर फुटबॉल लीगमध्येही नव्हतं. मॉटसनला बीबीसी टीव्हीवर येऊन जेमतेम काही महिने झालेले. रात्रीच्या कार्यक्रमात या सामन्याला दोन-चार मिनिटं मिळाली तर मिळाली, असा हिशोब. चिखलातून हेरफर्डच्या रॉनी रॅडफर्डने लांबून फटका हाणला, बरोबरी झाली. मग जादा वेळेत त्यांच्याच रिकी जॉर्जचा गोल, २-१. आता रॅडफर्डच्या गोलाची क्लिप आवाज बंद करून बघा. शर्टांवर नावं नाहीत, कोपऱ्यात स्कोअर नाही, घड्याळ नाही. हा रॅडफर्ड कोण, हे हेरफर्डबाहेर कितीजणांना ठाऊक असणार? मॉटसन फटक्याआधीच त्याचं नाव घेतो, गोल झाल्यावर पूर्ण नाव सांगतो आणि लगेच मैदानात घुसलेल्या पोरांकडे वळतो. हे शिक्षण रेडिओचंच. 'दिसतंय की!' असं आपण आज म्हणू शकतो, कारण आज पडद्यावर सगळं लिहून येतं.

रेडिओवाल्यांची ही सवय जुनी आहे. जानेवारी १९२७ मध्ये बीबीसीने आर्सेनल-शेफील्ड युनायटेड सामन्यात फुटबॉलचं पहिलं धावतं वर्णन केलं, तेव्हा मैदानाचे आठ चौकोन पाडलेला नकाशा आधीच छापून श्रोत्यांना दिला होता. एकजण खेळ सांगायचा, दुसरा चेंडू असलेल्या चौकोनाचा आकडा.

आता डेव्हिस. मलाही तो आवडतो. १९९४ च्या वर्ल्ड कप फायनलला बीबीसीने मॉटसनऐवजी त्याला बसवलं, ते योग्यच झालं. पण त्याची सुरुवातही जर्मनीतल्या ब्रिटिश सैन्याच्या रेडिओवर झालेली, हे तुमच्या नजरेतून सुटलं. आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं? डिसेंबर १९७४ मध्ये फ्रॅन्सिस लीने डर्बीकडून आपल्याच जुन्या मँचेस्टर सिटीवर गोल मारला, तेव्हा डेव्हिस ओरडला, 'त्याचा चेहरा बघा! बघाच त्याचा चेहरा!' चेहरा तर सगळ्यांना दिसतच होता की हो!

आकड्यांबद्दल मात्र भांडत नाही. संथ सामन्यात मॉटसनची पोतडी उघडली की मीही वैतागायचो. तरी ती हातानं लिहून काढलेली टिपणं होती, आजच्यासारखी कानात कुणी पुरवलेली नव्हेत.

खोड म्हणाल तर ती शेवटपर्यंत सुटली नाही. २००८ च्या युरो फायनलनंतर त्याने टीव्हीवरचं थेट समालोचन सोडलं, पण बीबीसी रेडिओवर बोलत राहिला. मे २०१८ मध्ये बीबीसीचा निरोप घेतला आणि त्याच वर्षी टॉकस्पोर्टवर दाखल झाला. तेही रेडिओ स्टेशनच.