चिठ्ठ्या रद्दीत घालायला सांगितल्या आज

आज शाळेत नोंदवह्यांची तपासणी होती. साहेबांनी माझी आकारिक मूल्यमापनाची (म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता मूल कुठवर आलं ते पाहण्याची) वही चाळली, रकाने भरलेत एवढं पाहिलं आणि सही केली. मग टेबलावरच्या रबर लावलेल्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, हे काय? रद्दीत घाला की. वही स्वच्छ ठेवा, बास." कौतुक झालं ते दुसऱ्या एका वहीचं. मोबाईलवर फिरणाऱ्या पीडीएफवरून उतरवलेल्या नोंदी. "ऐतिहासिक घटनांचा क्रम अचूक सांगतो." एकाखाली एक, पानभर मुलांपुढे हेच वाक्य. तिथं मी गप्प बसले. घरी येऊन भाकरी थापतानाही तेच डोक्यात, म्हणून लिहायला बसले.

त्या चिठ्ठ्या म्हणजे काय ते सांगते. तास संपायला पाच मिनिटं राहिली की मी पाठकोऱ्या कागदाचे चतकोर तुकडे वाटते. नाव घालायचं नाही. आज काय कळलं नाही ते एका ओळीत लिहायचं. एवढंच.

आठवीला सविनय कायदेभंगाच्या चळवळीत आपल्या सोलापूरचा भाग येतो. मे १९३०, गिरणी कामगार, मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायदा, मग १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. आपल्या गावचा धडा, त्यामुळे मी जीव ओतून शिकवते. "सोलापुरात मार्शल लॉ केव्हा पुकारला?" हा प्रश्न चाचणीत घातला होता, जवळजवळ सगळ्या वर्गाचं उत्तर बरोबर. मी खूश. आणि त्यानंतर चिठ्ठ्या घेतल्या तेव्हा एकीवर लिहिलेलं होतं, "मार्शल लॉ साहेबाला नंतर पकडलं का?"

त्या पोराला वाटत होतं, मार्शल लॉ हा कुणी गोरा अधिकारी. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, असं आणखी कुणाकुणाला वाटतं? आधी कुणीच हात वर करेना. मग एक, मग दोन, असे नऊ हात वर आले. मी चौदा वर्षं हा धडा शिकवतेय. आधीच्या तेरा वर्षांत किती पोरं तो साहेब डोक्यात घेऊन, चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवून माझ्या वर्गातून गेली असतील? याच चौघा हुतात्म्यांचे पुतळे आहेत त्या चार पुतळ्यावरून रोज जाणारी पोरं ही!

आता सांगा, ही चिठ्ठी रद्दी आहे का?

२०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा सातवी-आठवीला आकारिकला ४० आणि संकलितला, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला, ६० असा भार होता. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, सगळी साधनं त्यात होती. हेतू सोन्यासारखा होता. पोराचं कुठं अडतंय ते शिकवतानाच कळावं आणि आपण आपलं शिकवणं बदलावं. आपण काय केलं? वह्या केल्या. पोरगं कुठं अडलं हे शोधायचं सोडून ४० पैकी किती द्यायचे ते ठरवत बसलो. दहावीचंही तेच. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे, शाळेनं द्यायचे अंतर्गत गुण काढले, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला, केवढा गहजब झाला आणि पुढच्या वर्षी गुण परत आले. त्या सगळ्या ओरडीत पोराला इतिहास कळला का, असं विचारणारं मला तरी कुणी भेटलं नाही.

मान्य आहे, एकेका वर्गात साठ-पासष्ट मुलं, चार-चार तुकड्या, वर निवडणुकीची कामं. रोज चिठ्ठ्या वाचणं होत नाही. माझ्याकडूनही होत नाही, आठवड्यातून दोनदा झालं तरी खूप. आणि पीडीएफवरून उतरवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यावर माझा तसा राग नाही. त्यांनाही वही तयार हवी म्हणून तारीखच दिली जाते. पण "वेळ नाही" हे कारण मला आता ऐकवत नाही हो. नऊ पोरांच्या डोक्यातला तो साहेब घालवायला अर्धा तास लागला. अर्धाच तास. लष्कराच्या हाती शहर जाणं म्हणजे काय, साधी गांधी टोपी घातली म्हणून माणसाला कसं धरायचे, हे सांगितलं. एका मुलीनं तर विचारलं, "म्हणजे माझ्या पणजोबांनी टोपी घातली असती तर त्यांनाही नेलं असतं?" वर्ग असा शांत झाला की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

त्या दिवशीच्या चिठ्ठ्यांत एक अशी आली, "चौघं सोलापूरचे, मग फाशी सोलापुरात का नाही दिली?" हा प्रश्न पुस्तकात नाही. मी उत्तर दिलं नाही, वर्गालाच विचारलं. एक म्हणाला, इथं मोठा तुरुंग नसेल. दुसरा म्हणाला, नाही, गाव पेटलं असतं. मग त्यांची जुंपली, घंटा झाली तरी थांबेनात. ज्यानं मार्शल लॉ साहेबाचं लिहिलं होतं (अक्षर मी ओळखते, त्याला माहीत नाही) तो शेवटच्या बाकावरून उठून म्हणाला, "मॅडम, लष्करी कायदा उठला होता, पण भीती गेली नव्हती. सरकारची." शेवटचा शब्द त्यानं बसता बसता टाकला.

वहीत हे कुठल्या रकान्यात लिहू? मी शेवटी "स्वतःचे मत मांडतो" असं लिहिलं. साहेबांनी ते वाचलं नाही.

गठ्ठा मी पर्समध्ये घालून घरी आणलाय. उद्या महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीचा धडा सुरू करतेय आणि कागद संपलेत. ऑफिसात, छापखान्यात कुणाकडे पाठकोरे कागद पडून असतील तर माझ्यासाठी बाजूला ठेवा, मी येऊन घेऊन जाईन.