क्रियापद वाहून गेलं

आमचे साहेब परप्रांतातले, त्यामुळे रजेचा अर्जही इंग्रजीत. सांगलीत कृष्णेचं पाणी वाढत होतं आणि सामान माळ्यावर चढवायला चार दिवस हवे होते. मी झोकात लिहिलं: ‘आय वॉन्ट फोर डेज लीव्ह. बिकॉज रिव्हर इज रायझिंग. माय हाउस नियर रिव्हर. विच केम इन 2019 आल्सो.’

दहावीतल्या लेकीने कागद वाचला. “पप्पा, 2019 ला घर आलं होतं का नदी?”

मग शिकवणी सुरू. ‘रिव्हर इज रायझिंग’ हे म्हणे धडधाकट वाक्य. पण सुरुवातीला ‘बिकॉज’ चिकटला की ते बंद पडलेल्या स्कूटरसारखं होतं, दोरी लावून दुसऱ्या गाडीमागेच न्यायचं. तिने पूर्णविराम खोडून ते ‘लीव्ह’ला जोडलं. ‘हाउस’नंतर ‘इज’ बसवला.

“अगं, ‘माझं घर नदीजवळ’ यात कुठं आहे क्रियापद?”

“ते मराठीत.”

खरंच, मराठी किती सोशिक! ‘भिजलो’ म्हटलं की मी भिजलो हे कळतं. तो ‘लो’ काय उगाच बसलाय तिथं? इंग्रजीला मात्र कर्ता दारात उभा दिसायला हवा. अपवाद आज्ञेचा, तिथं ‘यू’ लपलेला चालतो. म्हणजे साहेब ‘गेट आउट’ म्हणाले तर ते पूर्ण वाक्य, आणि मी काकुळतीने रजा मागितली ती अर्धवट.

तिने एक युक्तीही दिली. आज्ञा आणि प्रश्न सोडले तर प्रत्येक वाक्याआधी ‘इज इट ट्रू दॅट’ लावायचं. प्रश्न नीट झाला तर वाक्य पास. शिवाय अर्ज शेवटाकडून वर वाचायचा, म्हणजे आधीच्या वाक्याचा आधार मिळत नाही आणि लंगडं वाक्य लगेच सापडतं. मी तसा वाचला. ‘इज इट ट्रू दॅट बिकॉज रिव्हर इज रायझिंग?’ हे मलाही खटकलं, हे कबूल करायला हवं. ‘विच’ची तर पुरती दैना झाली. तिने ते वाक्यच काढून ‘द रिव्हर फ्लडेड अवर हाउस इन 2019 टू’ असं लिहिलं. त्या साली आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, पण तेवढं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं.

“आता सही करा. आणि लक्षात ठेवा, क्रियापद नसेल तर काही कळत नाही.”

इतक्यात जिन्यातून बायको ओरडली, “अहो, आयर्विन चाळीस!”

लेक पेन टाकून पुस्तकं माळ्यावर चढवायला पळाली.